पार्किंगवर कललेला गुलमोहर आणि शेजाऱ्यांना नको असलेला आंबा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातली चाळीसेक वर्षांची सोसायटी. पार्किंगच्या कडेला जवळपास तेवढ्याच वयाचा मोठा गुलमोहर. गेल्या पावसाळ्यानंतर तो गाड्यांच्या बाजूला जास्त कलल्यासारखा वाटतो आणि बुंध्याशी लाकडासारखी टणक, तपकिरी छत्री उगवली आहे. मागच्या बाजूला आंबा आहे. त्याच्या फांद्या शेजारच्या बंगल्यावर जातात, पाने गळून कचरा होतो, म्हणून शेजारी तेही झाड काढा म्हणतात. एका ठेकेदाराने दोन्ही झाडांचा मिळून भाव दिला आहे आणि ‘परवानगीचं मी बघतो’ असे सांगितले आहे. सेक्रेटरी विचारतात: दोन्ही झाडे तोडावीत का, आणि तोडायची तर कशी?

तीन गोष्टी आधी सांगतो. गुलमोहराखालच्या गाड्या आजच दुसरीकडे लावा, आणि मुलांना तिथे खेळू देऊ नका. आंब्याला हात लावू नका. ठेकेदाराला तूर्त थांबवा. झाड तपासणारा आणि झाड तोडून पैसे घेणारा माणूस एकच असला की तपासणीचा निकाल आधीच लागलेला असतो. तपासणीचे पैसे वेगळे द्या, लेखी अहवाल घ्या, आणि अहवाल देणाऱ्याला तोडण्याचे काम मिळणार नाही हे आधीच स्पष्ट करा. हा खर्च सोसायट्यांना नकोसा वाटतो, पण एक निरोगी झाड वाचले तरी तो वसूल होतो.

झाड धोकादायक आहे का, हे बघताना लोक मान वर करतात. केवढे उंच आहे, किती पसरले आहे, वाऱ्यात किती हलते आहे. हलण्यात काही दोष नाही, वाऱ्याचा जोर झाड हलूनच जिरवते. मी तपासायला जातो तेव्हा निम्म्याहून अधिक वेळ बुंध्याशी गुडघ्यावर बसून जातो. शहरात अख्खे झाड उन्मळून पडते तेव्हा बिघाड बहुतेक वेळा मुळात किंवा बुंध्याच्या पहिल्या हातभर उंचीत असतो. आणि तो बिघाड झाडाने स्वतः क्वचितच ओढवून घेतलेला असतो. तिथे कोणीतरी चर खणलेला असतो, भिंत बांधलेली असते, नाहीतर बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलेले असते.

म्हणून माझा पहिला प्रश्न झाडाबद्दल नसतोच. गेल्या पाच-सात वर्षांत तुमच्या आवारात काय काय खोदले? ड्रेनेजची लाइन बदलली का? गॅसची पाइप आली का? कंपाउंड वॉल नव्याने बांधली का? पेव्हर ब्लॉक बसवताना जमीन किती खाली उतरवली? जुन्या वॉचमनला विचारा, कमिटीच्या सभासदांपेक्षा त्याला जास्त आठवत असते. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन फुटांत असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात. छातीएवढ्या उंचीवर खोडाचा जो व्यास भरेल त्याच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ काढायचे आणि त्यात शक्यतो खोदकाम करायचे नाही, असा आमचा ढोबळ हिशोब असतो. खोड ६० सेंटीमीटर जाड असेल तर या वर्तुळाची त्रिज्या सव्वासात मीटरच्या आसपास होते. सोसायटीच्या आवारात एवढी मोकळी जमीन कुठून आणणार, हे मलाही कळते. पण बुंध्यापासून एक-दोन मीटरवरून सरळ चर गेला असेल तर त्या बाजूचा आधारच तुटला असे धरून चालावे लागते. झाड लगेच पडत नाही. दोन-चार पावसाळे जातात, तुटलेल्या टोकांतून कुज आत सरकते, आणि तोवर चर कोणी खणला हे सगळे विसरलेले असतात.

आता ती तपकिरी छत्री. वरून वार्निश लावल्यासारखी चकाकणारी, वाढत्या कडेला पांढरट आणि हाताने सहज न तुटणारी असेल, तर ती बहुधा गॅनोडर्मा वर्गातली बुरशी आहे. गुलमोहरावर ती पुष्कळ दिसते. बाहेर दिसते ते तिचे फळ. खरी बुरशी आत मुळांच्या आणि बुंध्याच्या लाकडात पसरलेली असते आणि फळ धरण्याआधी तिने बरेच लाकूड खाल्लेले असते. ती छत्री उपटून जागा साफ करू नका. उपटल्याने बुरशी जात नाही, फक्त पुरावा जातो. छत्र्या किती आहेत, बुंध्याच्या कोणत्या बाजूंना आहेत, जमिनीपासून किती उंचीवर आहेत, याचे फोटो काढून ठेवा. एकाच बाजूला एक छत्री असणे वेगळे आणि तीन बाजूंनी असणे वेगळे.

यावर हमखास म्हणणे येते की झाड हिरवेगार आहे, यंदा फुललेही भरपूर, मग आजारी कसे? पाणी वर नेणारे लाकूड सालीलगतच्या थरात असते. ते शाबूत असेपर्यंत पाने हिरवी राहतात, फुले येतात. झाडाला उभे धरणारे आतले लाकूड गेले तरी वर काही दिसत नाही. मे महिन्यात लालभडक फुललेला गुलमोहर जूनच्या पहिल्या वादळात आडवा होतो तो यामुळेच. गुलमोहराचे लाकूड मुळात ठिसूळ, मुळे उथळ, पसारा आडवा आणि रुंद. त्यात पावसात भिजलेल्या पानोऱ्याचे वजन वाढते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि नेमका तेव्हाच बुंध्याखालच्या ओल्या मातीची पकड सैल झालेली असते.

कल जुना की नवा, हे ओळखणे अवघड नाही. लहानपणापासून उजेडाच्या दिशेने कललेले झाड पुढे शेंडा वर वळवते, त्यामुळे खोडाला वाक येतो. असे झाड तिरके असूनही वर्षानुवर्षे सुखरूप उभे राहते. अलीकडे कललेल्या झाडाचे खोड मात्र सरळच राहून तिरके होते आणि त्याच्याबरोबर अख्खा पसारा कलतो. कलाच्या विरुद्ध बाजूला जाऊन जमीन बघा. मातीला अर्धवर्तुळाकार भेग गेली आहे का, पेव्हर ब्लॉक उचलले गेले आहेत का, वारा असताना तिथली माती श्वास घेतल्यासारखी वरखाली होते का? यातले एक जरी दिसले तर पुढचे उपकरण आणायची वाट बघू नका. तो भाग दोरी बांधून बंद करा आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला व अग्निशमन दलाला त्याच दिवशी कळवा. भेग नसेल तर एकाच ठिकाणी उभे राहून, इमारतीची उभी कड फ्रेममध्ये घेऊन, दर आठवड्याला फोटो काढा. ‘कललेला वाटतो’ यापेक्षा असे चार फोटो अधिकाऱ्यासमोर जास्त कामाचे ठरतात.

तपासणीला येणारा जाणकार लाकडी हातोडीने बुंधा ठोकत फिरेल. भरीव लाकडाचा आणि पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो. संशय आला तर रेझिस्टोग्राफ लावतात. यात सुमारे ३ मिलिमीटर टोकाची बारीक सुई लाकडात शिरते आणि तिला होणाऱ्या विरोधाचा आलेख निघतो. ध्वनिलहरींनी खोडाच्या आतले चित्र काढणारे यंत्रही असते. खोड पोकळ आहे एवढ्यावरून झाड तोडायचे नसते. बांबूही पोकळच असतो. भिंत किती जाड उरली आहे हे बघायचे. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस मॅटेक यांच्या अभ्यासातून आलेला एक आकडा जगभर वापरला जातो: निरोगी भिंतीची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या किमान ३० टक्के हवी. तुमच्या गुलमोहराची त्रिज्या ३० सेंटीमीटर असेल तर ९ सेंटीमीटर चांगले लाकूड सगळीकडून हवे. हा आकडा एकटा पुरेसा नाही. एका बाजूने ढोली उघडी असेल, पसारा फार मोठा असेल किंवा मुळेच कुजली असतील, तर जाड भिंतही झाडाला वाचवत नाही. तुमच्या बाबतीत मला खोडापेक्षा मुळांची काळजी आहे. म्हणून बुंध्याभोवतीची माती हाताने, हळूहळू, वीतभर उकरून मुख्य मुळे बघितल्याशिवाय अहवाल पूर्ण मानू नका.

या संदर्भात एक जुनी सवय सोडायला हवी. झाडाच्या ढोलीत सिमेंट-विटा भरू नका. अमेरिकी संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडांची लाकडे उभी-आडवी चिरून दाखवून दिले की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरत नाही. झाड कुजका भाग आतल्या आत बंद करते आणि त्याबाहेर नवे लाकूड चढवते. सिमेंट भरताना आपण तीच बंदिस्ती फोडतो. आत ओल धरून राहते, झाड वाऱ्यात हलले की टणक सिमेंट आतून घासत राहते, आणि पुढे झाड कापायची वेळ आली तर करवतीची साखळी तुटून माणूस जखमी होऊ शकतो.

जोखीम ठरवताना आम्ही तीन गोष्टी एकत्र बघतो: झाड किंवा फांदी मोडण्याची शक्यता किती, मोडलेला भाग कोणावर पडण्याची शक्यता किती, आणि पडला तर इजा केवढी. माळावरच्या कुजक्या झाडाची जोखीम शून्याजवळ असते. तेच झाड शाळेच्या फाटकाशी असेल तर एक दिवसही थांबता येत नाही. म्हणूनच सर्वात आधी गाड्या हलवायला सांगितले. त्याला खर्च नाही, परवानगी लागत नाही, आणि निर्णय होईपर्यंतची जोखीम त्याने बरीच उतरते. २०१७ च्या जुलैमध्ये मुंबईत चेंबूरला सकाळी रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेवर नारळाचे झाड कोसळून तिचा मृत्यू झाला. ते झाड काढण्याची मागणी आधीच झाली होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. नारळाकडे वर बघून काहीच कळत नाही. शेंडा हिरवा असतो, नारळही लागतात. सोंड्या भुंगा खोड आतून पोखरतो. बाहेर बारीक भोके, त्यातून गळणारा तपकिरी चिकट द्रव आणि चघळलेले तंतू एवढेच दिसते, तेही कोणी निरखून बघितले तर. तुमच्या आवारात रस्त्याकडेचे नारळ असतील तर याच फेरीत तेही तपासून घ्या.

आंब्याबद्दल थोडक्यात. पाने पडणे हा धोका नाही. खोडावर भिरुडाची, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किड्याची, भोके आणि खाली पडलेला भुसा आहे का, दोन जाड फांद्या जिथे फुटतात त्या बेचक्यात साल आत दाबली जाऊन चीर गेली आहे का, वाळलेल्या फांद्या किती, हे बघा. यातले काही नसेल तर झाड ठणठणीत आहे. शेजाऱ्यांच्या छपरावर आलेल्या फांद्यांचा भार परवानगी घेऊन हलका करता येतो. एकूण पानोऱ्याचा चौथ्या भागाहून जास्त हिस्सा एका वेळी काढू नका, आणि शेंडा उडवू नका. शेंडा उडवलेल्या झाडाला कापल्या जागी झाडूसारखे धुमारे फुटतात. ते लाकडात खोलवर रुजलेले नसतात, भराभर जाड होतात आणि पाच-सात वर्षांनी खालच्या कुजलेल्या तोंडासकट मोडतात. आज धोकादायक म्हणून दाखवली जाणारी कितीतरी झाडे अशा छाटणीनेच धोकादायक झालेली आहेत. याचा मला खरोखर राग येतो, कारण ही छाटणी पैसे मोजून, सुरक्षिततेच्या नावाखाली करून घेतलेली असते.

आता परवानगी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड स्वतःच्या मालकीच्या जागेत असले तरी पूर्वपरवानगीशिवाय तोडता येत नाही. या कायद्यात ‘तोडणे’ म्हणजे नुसती कुऱ्हाड चालवणे नव्हे. झाड जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे त्यातच येते. तेव्हा खोडाला भोक पाडून हिंग, अ‍ॅसिड वगैरे घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो गुन्ह्याचा सल्ला आहे. शिवाय असे मारलेले झाड उभ्या उभ्या कुजते आणि आधी नव्हता तो धोका तयार होतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुनी झाडे ‘हेरिटेज’ धरली जातात आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे भरपाई म्हणून लावावी लागतात. तुमचा गुलमोहर चाळिशीचा असेल तर ती जागा कुठे आहे याचा विचार अर्जाबरोबरच करा. नगरपालिका-महापालिकांच्या बाहेर, गावाकडच्या जमिनीत, १९६४ चा झाडे तोडण्याच्या नियमनाचा वेगळा कायदा लागू होतो, आणि गोव्यात १९८४ चा.

अर्ज सोसायटीच्या नावाने, तुमच्या सहीने करा. ‘परवानगीचं मी बघतो’ म्हणणाऱ्याच्या भरवशावर राहिलात आणि परवानगी नसल्याचे नंतर कळले तर नोटीस जागेच्या मालकाला येते. अर्जासोबत तपासणीचा अहवाल, फोटो, झाडाची जागा दाखवणारा साधा नकाशा आणि कमिटीचा ठराव जोडा. ‘झाड धोकादायक आहे’ एवढेच लिहू नका. ‘बुंध्याच्या दक्षिण व पूर्व बाजूस बुरशी, दक्षिणेकडील मुळे अमुक वर्षीच्या ड्रेनेजच्या कामात तुटलेली, पडण्याच्या टप्प्यात पार्किंग व जिना’ असे लिहा. उद्यान विभागाचा माणूस पाहणीला येईल, झाडावर नोटीस लागेल, हरकतींना मुदत मिळेल. एखाद्या रहिवाशाने हरकत घेतली तर त्याला शत्रू समजू नका, अहवाल वाचायला द्या. आणि हा सारा वेळ लक्षात घेऊन अर्ज जूनमध्ये न करता हिवाळ्यातच करा.

तोडण्याच्या कामात लोकांना सगळ्यात कमी कळते, आणि माणसे जातात ती इथे. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण ८०० ते १,१०० किलो असते. ३० सेंटीमीटर जाड आणि ३ मीटर लांब फांदीचा तुकडा म्हणजे दोनशे किलोच्या आसपास. तो दोरीला बांधून कापला आणि दीड-दोन मीटर मोकळा पडून दोरी ताणली, तर दोरीवर आणि जिथे कप्पी बांधली त्या फांदीवर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट झटका बसतो. निरोगी झाड तो सोसते. मुळे कुजलेला गुलमोहर त्या एका झटक्याने, वर चढलेल्या माणसासह, आडवा होऊ शकतो. म्हणून तुमच्या गुलमोहरावर माणूस चढवू देऊ नका. हायड्रॉलिक शिडीच्या किंवा क्रेनला लावलेल्या पाळण्यातून काम करायला सांगा, आणि तुकडे कुजक्या झाडाला न टांगता क्रेनला टांगून उतरवायला सांगा. क्रेन आत येत नसेल तर लहान तुकडे, कमी उंचीची पडझड आणि जास्त दिवस, हा एकच मार्ग उरतो. भाव वाढेल. तो द्या.

बुंध्याला खाच मारून अख्खे झाड एका दिशेला पाडणे मोकळ्या रानात ठीक. त्यात खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये राखलेली लाकडाची पट्टी बिजागरीसारखी झाडाला वळवते. कुजक्या बुंध्यात ती पट्टीच धरत नाही आणि झाड हवे तिकडे न जाता वजन नेईल तिकडे जाते. जाड फांदी एका कापात उतरवू देऊ नका. आधी खालून थोडा काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून काप, आणि उरलेला खुंट शेवटी. नाहीतर फांदी खोडाची साल सोलत खाली येते आणि करवत चालवणाऱ्यावर उलटते.

वीज हा स्वतंत्र विषय आहे. झाडाजवळून तार जात असेल तर वीज कंपनीकडून लेखी शटडाउन, म्हणजे त्या वेळेपुरता पुरवठा बंद, घेतल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नका. ‘सुक्या दोरीने ओढून घेतो’ हे ऐकू नका. ओली फांदी तारेला टेकली की वीज थेट माणसापर्यंत येते.

ठेकेदाराला विचारायचे प्रश्न साधे आहेत. माणसांचा अपघात विमा आहे का, त्याची प्रत द्या. हेल्मेट, हार्नेस, करवतीपासून पायांचे रक्षण करणारी पँट आहे का? खाली रस्ता अडवायला वेगळा माणूस असेल का? कंपाउंड वॉल किंवा गाडीचे नुकसान झाले तर कोण भरणार? लाकूड कोण नेणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर भावात लिहून घ्या, कारण भांडणे तिथेच होतात. आणि काम सुरू होण्याच्या दिवशी सकाळी ढोल्या बघा. आत पोपट किंवा पिंगळ्याची पिल्ले असतील तर काम थांबवा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ त्यांनाही लागू आहे. मी यासाठी कामे पुढे ढकलली आहेत, आणि झाडाखालची जागा बंद ठेवली की काही आठवडे थांबता येते.

गुलमोहर काढल्यावर बुंधा आणि सापडतील तेवढी कुजकी मुळे खणून काढा, कारण गॅनोडर्मा मातीत उरलेल्या लाकडावर टिकून राहतो. नवे झाड त्याच खड्ड्यात न लावता काही मीटर बाजूला लावा. पार्किंगच्या कडेला एवढ्या जागेत बहावा, तामण, कांचन किंवा बकुळ चांगले वाढते. लावण्याआधी पेव्हर ब्लॉक सर्व बाजूंनी किमान एक मीटर मागे घ्या. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये एक मीटरच्या आतले काँक्रीट काढायला सांगितले होते, तेवढे अंतर तुम्ही आपण होऊन सोडू शकता. त्याच आठवड्यात आंब्याच्या बुंध्याभोवतीचेही ब्लॉक काढून घ्या, आणि पुढची तपासणी पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये ठेवा. पावसात उगवलेल्या छत्र्या तेव्हा वाळलेल्या असल्या तरी जागेवर असतात. झाडलोट करणाऱ्यांना आताच सांगून ठेवा की बुंध्याशी काही उगवले तर ते झाडून टाकायच्या आधी तुम्हाला हाक मारावी.